किरणोत्सारी द्रव कचऱ्यातील धातूंसाठी अधिशोषक : मागणी नोंदवण्यापूर्वी कृपया वाचावे

आमच्या हिंगणा, नागपूर येथील कारखान्यात झिओलाइट, सोडियम टायटनेट आणि हेक्सासायनोफेरेट हे तीन प्रकारचे अधिशोषक दाणेदार स्वरूपात तयार होतात. अधिशोषक किरणोत्सार नष्ट करत नाही, हे सर्वप्रथम स्पष्ट करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. मोठ्या प्रमाणातील पाण्यात विखुरलेला धातू तो थोड्याशा दाण्यांवर गोळा करतो. सीझियम-137 चे अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा होण्यास लागणारा काळ) सुमारे 30 वर्षे आणि स्ट्रॉन्शियम-90 चे सुमारे 29 वर्षे असल्यामुळे पाणी स्वच्छ झाल्यावरही ते दाणे दीर्घकाळ सुरक्षित ठेवावे लागतात. त्यामुळे वापरलेल्या दाण्यांची व्यवस्था अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार आधीच ठरलेली असावी. ज्या रुग्णालयांच्या सांडपाण्यात केवळ आयोडीन-131 असते, त्यांना आमच्या मालाची गरज नाही, कारण त्याचे अर्धायुष्य 8 दिवसांचे असून साठवण टाक्यांत ते पाणी पुरेसा काळ रोखून ठेवल्यास काम भागते.

कोणता अधिशोषक चालेल, हे धातूइतकेच त्याच्यासोबत पाण्यात असलेल्या इतर क्षारांवर अवलंबून असते, आणि आमच्या मते निवडीतील सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. झिओलाइटच्या सांगाड्यातील सोडियम बाहेर पडून त्याच्या जागी सीझियम बसते; मात्र पाण्यात सोडियम आणि पोटॅशियम विपुल असेल, तर त्याच जागांसाठी स्पर्धा सुरू होते आणि दाणे लवकर निकामी होतात. 2011 मध्ये फुकुशिमा येथे अणुभट्ट्या थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी वापरावे लागल्याने हीच अडचण मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. खारट पाण्यात हेक्सासायनोफेरेट अधिक उपयुक्त ठरतो, कारण त्याच्या स्फटिकातील पोकळ्यांमध्ये सीझियमचा आयन (विद्युतभारित अणू) नेमका सामावतो. परंतु तीव्र अल्कलीमध्ये त्याचे विघटन होते, म्हणून द्रवाचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कधर्मीपणाचे माप) आधी तपासावा. तीव्र आम्लात झिओलाइट टिकत नाही. स्ट्रॉन्शियमसाठी अल्कधर्मी द्रवात टायटनेट उत्तम काम करतो.

कॅल्शियम हा स्ट्रॉन्शियमच्याच रासायनिक कुटुंबातला असल्याने तो दाण्यांवरील जागा अडवतो. विदर्भात अनेक ठिकाणी बोअरवेलचे पाणी कठीण, म्हणजे कॅल्शियमसारखे क्षार जास्त असलेले, असते. अशा पाण्याने कचरा पातळ करू नये किंवा स्तंभ (दाणे भरलेली उभी नळी, जिच्यातून द्रव सोडतात) धुऊ नये, त्यासाठी क्षारमुक्त पाणीच वापरावे.

स्तंभातून प्रवाह जितका संथ, तितका आयनांना दाण्यांच्या आत शिरायला अवधी मिळतो. बाहेर पडणाऱ्या पाण्यातील किरणोत्सार नियमित मोजावा आणि तो वाढू लागताच स्तंभ बदलावा. हेक्सासायनोफेरेटचे वापरलेले दाणे कधीही तापवू नयेत, कारण उच्च तापमानात त्यांतून विषारी सायनाइड वायू निघू शकतो.

मागणीसोबत द्रवाचा सामू, सोडियम, पोटॅशियम व कॅल्शियमचे प्रमाण आणि गाळ असल्यास त्याची माहिती कळवावी. त्या माहितीवरून आम्ही तसाच द्रव स्थिर, म्हणजे किरणोत्सारी नसलेल्या, सीझियम आणि स्ट्रॉन्शियमच्या क्षारांपासून बनवून चाचणी घेतो. समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंचे) रासायनिक वर्तन जवळजवळ सारखेच असल्याने निवडीसाठी ही चाचणी पुरेशी ठरते. प्रत्यक्ष किरणोत्सारी नमुना मात्र कोणत्याही परिस्थितीत कारखान्यावर पाठवू नये. तो हाताळण्याचा परवाना आमच्याकडे नाही.