रुग्ण परिचर, हृद्रोग कक्षातील

हृद्रोग अतिदक्षता कक्षात परिचारिकेच्या देखरेखीखाली रुग्णाची अंगसेवा, मोजमापांच्या नोंदी, ईसीजी (हृदयाचा विद्युत आलेख) काढणे, मॉनिटरच्या लीड (अंगाला जोडायच्या वायरी) सांभाळणे आणि कॅथलॅबसाठी (रक्तवाहिनीतून नळी घालून हृदयाची तपासणी व उपचार करण्याची खोली) तयारी करणे ही कामे करणारा कर्मचारी. अमेरिकेत ही कामे बहुधा ‘पेशंट केअर टेक्निशियन’ या एकाच पदाकडे असतात. मुंबईच्या सरकारी व महापालिका रुग्णालयांत ती वाटलेली आहेत : ट्रॉली, बेडपॅन, स्पंजिंग मामा-मावशींकडे (वॉर्डबॉय व आया), ईसीजी तंत्रज्ञाकडे, नाडी-रक्तदाब सिस्टरकडे. खासगी रुग्णालयांत जनरल ड्यूटी असिस्टंट हे पद आल्यापासून यातली बरीच कामे एका हाती येऊ लागली आहेत.

उगम : या कामाचा इतिहास हृद्रोग कक्षाच्या इतिहासात गुंतलेला आहे, आणि पहिला कक्ष कोणाचा याबद्दल मतभेद आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला साधारणपणे चार ते सहा आठवडे आडवे ठेवत. भरवणे, पुसणे, कूस बदलणे सगळे परक्या हाताने होई. सॅम्युएल लेव्हिन व बर्नार्ड लाऊन यांनी १९५२ मध्ये रुग्णाला लवकर खुर्चीत बसवावे असे मांडले, तेव्हा ते धाडसाचे वाटले. १९६० मध्ये काउवेनहोव्हेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी छाती न उघडता बाहेरून दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यामुळे हृदय बंद पडलेल्या रुग्णासाठी खाटेपाशी असलेल्या कोणालाही काही करता येईल, हे प्रथमच शक्य झाले.

त्यानंतर लगेच, १९६१ मध्ये, एडिंबरोच्या डेस्मंड ज्युलियन यांनी एका लेखात हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांना एकत्र ठेवून त्यांच्या ईसीजीला इशाऱ्याची घंटा जोडावी असे सुचवले. अमेरिकेतील कॅन्झस सिटीच्या बेथनी रुग्णालयात ह्यूज डे यांनी १९६२ मध्ये स्वतंत्र कक्ष सुरू केला आणि अमेरिकी लेखक पहिलेपणाचा मान सहसा त्यांनाच देतात. हृदय बंद पडल्यावर मदतीला बोलावण्याची ‘कोड ब्लू’ ही हाकही तिथलीच असे म्हणतात. त्याच सुमारास टोरांटोत ब्राउन आणि फिलाडेल्फियात लॉरेन्स मेल्ट्झर यांनी असेच कक्ष उभे केले, त्यामुळे महिन्यांच्या फरकावरून वाद घालण्यात फारसे हशील नाही. कक्ष आधी कोणी उघडला एवढाच प्रश्न असेल तर डे यांचा दावा बळकट दिसतो. प्रस्तुत नोंदीपुरते मात्र ज्युलियन यांच्या लेखाला अधिक वजन द्यावे लागते. छाती दाबण्याचे शिक्षण डॉक्टर व परिचारिकांबरोबर साहाय्यक कर्मचाऱ्यांनाही द्यावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पुढे १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या किलिप व किंबॉल यांनी २५० रुग्णांचा अनुभव मांडला. नुसती यंत्रे आणून मृत्यू कमी होत नाहीत, खाटेजवळच्या परिचारिकेला तत्काळ उपचाराची मुभा हवी, हे त्यातून पुढे आले.

मुंबईच्या संदर्भात परळच्या केईएम रुग्णालयाचा (स्थापना १९२६) उल्लेख आवश्यक आहे. तेथे फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. हे प्रत्यारोपण जगात कितवे, याचे आकडे वेगवेगळे दिले जातात. शस्त्रक्रिया मोजल्या तर ते सहावे भरते. त्याआधी बर्नार्ड व कँट्रोविट्झ यांनी प्रत्येकी दोन आणि शमवे यांनी एक केली असल्याने शल्यविशारद मोजले तर सेन चौथे. दोन्ही विधाने बरोबर आहेत, ‘चौथे प्रत्यारोपण’ असे लिहिणे मात्र चूक.

काम : कक्षाची सकाळ वजनकाट्यापासून सुरू होते. हृदय अशक्त झालेल्या रुग्णाचे वजन रोज त्याच काट्यावर, लघवीनंतर आणि नाश्त्याआधी घेतात. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ झाली तर अंगात पाणी साचत असल्याची शंका घ्यावी लागते. इनपुट-आउटपुटच्या कागदावर चहा, डाळीचे पाणी, ताक, सलाइन आणि लघवी मिलिलिटरमध्ये लिहितात. मुंबईत ही नोंद हमखास फसते ती शहाळ्यापाशी. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर शहाळेवाला असतोच, आणि नातेवाईक ते प्रेमाने, न सांगता पाजतात. त्यात पाण्याबरोबर पोटॅशियमही भरपूर असते. स्पायरोनोलॅक्टोनसारखी, पोटॅशियम अंगात धरून ठेवणारी औषधे चालू असलेल्या किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या रुग्णाच्या रक्तात ते साठून हृदयाची लय बिघडू शकते. डब्यातले लोणचे, पापड, सुकट मावशींच्या नजरेतून सहसा सुटत नाही. शहाळे सुटते, कारण ते पथ्याचेच समजले जाते.

ईसीजी बारा लीडचा म्हणतात (इथे लीड म्हणजे कागदावरचा एकेक आलेख), पण अंगाला इलेक्ट्रोड दहाच लागतात : चार हातापायांना, सहा छातीवर. छातीवरची जागा अंदाजाने धरायची नसते. उरोस्थीवरचा (छातीच्या मधल्या हाडावरचा) आडवा उंचवटा बोटाने शोधायचा, त्याच्या बाजूची बरगडी दुसरी. तिथून खाली मोजत बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत उरोस्थीच्या उजवीकडे व्ही-१, डावीकडे व्ही-२, पाचव्या फटीत डाव्या कॉलरच्या हाडाच्या मध्याखाली व्ही-४, आणि व्ही-२ व व्ही-४ यांच्या मधोमध व्ही-३. व्ही-५ व व्ही-६ हे व्ही-४ च्याच आडव्या पातळीत काखेकडे जातात. घाईत पहिले दोन एक फट वर लागले की नसलेला जुना झटका कागदावर दिसू शकतो. छातीत दुखते म्हणून आलेल्याचा ईसीजी दहा मिनिटांत निघावा असा संकेत असल्याने ही घाई रोजचीच.

रंगांचा घोळ वेगळा. आपल्याकडे रूढ असलेल्या युरोपीय पद्धतीत उजवा हात लाल, डावा हात पिवळा, डावा पाय हिरवा, उजवा पाय काळा. अमेरिकी पद्धतीत उजवा हात पांढरा, डावा हात काळा, डावा पाय लाल, उजवा पाय हिरवा. म्हणजे लाल, हिरवा आणि काळा दोन्हीकडे आहेत, पण वेगळ्या जागी. दोन्ही बनावटींची यंत्रे असलेल्या कक्षात रंग पाठ असून भागत नाही, वायरीवरची अक्षरे वाचावी लागतात. हातांच्या लीड उलट लागल्या की पहिली लीड उलटी येते, तेव्हा कागद फाडून पुन्हा काढणे हाच शहाणपणा.

मे महिन्यात घामाने चिकटपट्ट्या सुटतात, म्हणून त्वचा पुसून कोरडी करणे आणि गरजेपुरते केस काढणे आले. मॉनिटरवर सरळ रेघ आली तर आधी रुग्णाकडे बघायचे, मग लीडकडे. याउलट प्रकारही घडतो : सकाळी खाटेवर दात घासणाऱ्या रुग्णाच्या हाताच्या हालचालीने पडद्यावर जीवघेण्या जलद लयीसारखी नक्षी उमटते, अलार्म वाजतो, आणि धावत आलेल्यांना तोंडात फेस घेऊन रुग्णच विचारतो, काय झालं?

अँजिओग्राफीत हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासायला मनगटातून किंवा जांघेतून नळी घालतात, म्हणून तिच्याआधी दोन्हींची तयारी करून ठेवतात. जांघेतून झाली असेल तर नंतर पाय काही तास सरळ ठेवावा लागतो. पट्टी ओली होते का, खाली टणक सूज येते का आणि पाऊल गार पडते का, हे चादर उचलून पाहायचे असते. नुसते विचारून कळत नाही. कोड ब्लूमध्ये छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाबतात आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलतात. अंगात ताकद असलेला मामा तिथे डॉक्टरइतकाच उपयोगी पडतो, शिकवले असेल तर.

प्रशिक्षण व कायदा : जनरल ड्यूटी असिस्टंटचा अभ्यासक्रम आरोग्यक्षेत्र कौशल्य परिषदेने आखलेला आहे. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात हृद्वाहिनी तंत्रज्ञ व परफ्युजनिस्ट (शस्त्रक्रियेत हृदय-फुफ्फुस यंत्र चालवणारे) यांचा समावेश आहे. शासकीय सेवेतील मामा-मावशी चतुर्थ श्रेणीत मोडतात. त्यांचे कक्षातले शिक्षण अजून मुख्यत्वे सिस्टरच्या हाताखालीच होते.