आकडीवर भूछत्राचं औषध, खरं किती?

माझ्या मावसबहिणीला लहानपणापासून आकडी येते. तिच्या गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा मावशी दर रविवारी रात्री भरून ठेवते, आणि मागच्या महिन्यात त्या डब्याशेजारी कुणीतरी रेशी मशरूमच्या कॅप्सूलची बाटली आणून ठेवली, म्हणे हे सुरू करा मग गोळ्या बंदच होतील. तेव्हापासून मी हे सगळं वाचत बसलेय.

फिट येते तेव्हा मेंदूतल्या असंख्य पेशी एकदम, एका तालात सिग्नल सोडायला लागतात. एरवी त्यांना आवरायला ब्रेक असतो, त्या केमिकलचं नाव गाबा. ते पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटलं की क्लोराइड आत शिरतं आणि पेशी शांत होते. क्लोबाझाम, फेनोबार्बिटोन ह्या गोळ्या ह्याच ब्रेकला जोर देतात.

आता युरोपातल्या बर्च-पाइनच्या जंगलात पांढऱ्या ठिपक्यांची लाल छत्री उगवते ना, चित्रांत असते तीच, अमानिटा मस्कारिया, तिच्यात मस्किमॉल असतं आणि त्याची ठेवण गाबाशी इतकी जुळते की रिसेप्टर त्यालाही चिकटू देतो. मग हेच औषध का नाही? कारण तोंडावाटे घेतलं तर ते सगळ्याच मेंदूला गुंगी आणतं. शिवाय त्याच छत्रीत आयबोटेनिक अ‍ॅसिडही असतं जे पेशींना उलट चेकाळवतं, त्यामुळे ती खाऊन विषबाधा झालेल्यांना, त्यातही लहान मुलांना, चक्क फिट आल्यात! म्हणून अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधे डॉक्टरांनी शुद्ध मस्किमॉल बारीक नळीने थेट मेंदूत, फिट जिथून सुरू होते तिथेच सोडून पाहिलं. 2019 मधे ते छापून आलं, पेशंट फक्त 3.

डेन्मार्कचे केमिस्ट पोव्हल क्रोग्सगार्ड-लार्सन ह्यांनी मस्किमॉलचा रेणू थोडा थोडा बदलत नवीन रेणू बनवले. आपल्या सुपारीतल्या ग्वाव्हासिनवरही त्यांनी काम केलं आणि तो धागा पुढे टायगाबिन ह्या फिटच्या गोळीपर्यंत गेला. मला ही वाट खरी वाटते, निसर्गातून रेणू घ्यायचा, त्याचा त्रास कमी करायचा, मग पेशंटवर तपासायचा.

आणि रेशी? उंदरांवर बरंच काम झालंय, लायन्स मेन ह्या दुसऱ्या भूछत्रावरही. माणसांवर म्हणाल तर 2018 मधे चीनमधून एक अभ्यास आला, 18 पेशंट, 8 आठवडे रेशीच्या बीजाणूंची पावडर. आठवड्याला सरासरी 3.1 फिट यायच्या त्या 2.4 वर आल्या, पण फिट किती वेळ टिकते त्यात म्हणावा असा फरक नाही आणि तुलनेला दुसरा गटही नव्हता. जगात जवळपास 5 कोटी लोकांना हा आजार आहे, त्यातल्या सुमारे एक तृतीयांश लोकांच्या फिट गोळ्यांनी थांबत नाहीत, त्यामुळे आशा वाटणं मला अगदी समजतं. पण 18 जणांच्या जोरावर गोळ्या बंद करायच्या? अचानक गोळी तोडली तर फिट लागून राहते, थांबतच नाही, आणि त्यात जीव जाऊ शकतो.

बहिणीला व्हॅलप्रोएट चालू आहे, त्याने कधीकधी रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी होतात आणि रेशीने रक्त गोठायला उशीर लागू शकतो. हे मावशीला सांगितलं तेव्हा तिने बाटली उचलून फायलीच्या पिशवीत टाकली, गुरुवारी न्यूरोलॉजिस्टना दाखवायला. डबा मात्र काल रात्री नेहमीसारखाच भरला.