न्यूट्रॉन ताऱ्याचे ‘असाधारण’ किरण

न्यूट्रॉन तारा म्हणजे मृत ताऱ्याचा अतिघन गाभा. त्याच्या किरणांचे ध्रुवण, म्हणजे त्यांचे विद्युतक्षेत्र कितपत एकाच दिशेत डोलते, हे मोजण्याची गोष्ट रेडिओ लहरींत लवकर सुरू झाली. १९६९मध्ये वेला पल्सारच्या (ठरावीक लयीत स्पंद पाठवणाऱ्या फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या) स्पंदात ध्रुवणाची दिशा एका लयीत वळताना दिसली आणि झोत चुंबकीय ध्रुवाजवळून निघतो, ही कल्पना रुजली. त्या शोधनिबंधाच्या दोन लेखकांपैकी एक भारतीय होता, हे आवर्जून सांगायला हवे.

क्ष-किरणांत मात्र वाट बिकट. आजच्या उपकरणात फोटॉन वायूतल्या अणूमधून इलेक्ट्रॉन उडवतो. त्या इलेक्ट्रॉनचा मिलिमीटरहून छोटा माग किरणाच्या विद्युतक्षेत्राच्या दिशेला कललेला असतो. एका मागावरून काही ठरत नाही, हजारो जमवावे लागतात. १९७०च्या दशकात खेकडा तेजोमेघाच्या (स्फोट झालेल्या ताऱ्याच्या अवशेषाच्या) किरणांचे सुमारे १९ टक्के ध्रुवण मोजले गेले, त्यानंतर चार दशके फारसे काही हाती लागले नाही. २०१७मध्ये पुण्या-मुंबईच्या शास्त्रज्ञांचा मोठा वाटा असलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरील उपकरणाने त्याच तेजोमेघातल्या पल्सारचे ध्रुवण १०० ते ३८० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (किरणांच्या ऊर्जेचे एकक) या पट्ट्यात टिपले.

खरा वाद २०२२चा. शर्मिष्ठा तारकासमूहातल्या एका मॅग्नेटारचे (अतितीव्र चुंबकक्षेत्राच्या न्यूट्रॉन ताऱ्याचे) ध्रुवण कमी ऊर्जेला १५ टक्के, चार-पाच किलोइलेक्ट्रॉनव्होल्टजवळ जवळपास शून्य आणि त्यापुढे ३५ टक्के भरले. मधल्या मध्ये दिशाही ९० अंशांनी वळली. इथे नावांचा घोळ आड येतो. एवढ्या तीव्र चुंबकक्षेत्रात इलेक्ट्रॉन रेषांना जखडलेले असतात, त्यांना आडवे हलता येत नाही. किरणाची दिशा आणि चुंबकीय रेषा यांच्या प्रतलाला ज्याचे विद्युतक्षेत्र लंब, तो किरण त्यामुळे फारसा न अडखळता सुटतो. त्यालाच ‘असाधारण’ म्हणतात! प्रतलातला, वाटेत अडकणारा तो ‘साधारण’.

निरीक्षकांच्या मते कमी ऊर्जेचे किरण साधारण, वातावरण नसलेल्या घट्ट पृष्ठभागातून आलेले. दुसरा पक्ष नेमके उलट म्हणतो: आधी असाधारण, मग वातावरणातच प्रकार बदलतो. ताऱ्याचा चुंबकीय अक्ष आकाशात कुठे वळलेला आहे हे माहीत नसताना ९० अंशांचे वळण दोन्हींत बसते. तरी ‘वातावरण नसलेला घन तारा’ ही बातमी निकाल लागल्यासारखी पसरली. ती घाई होती, असे माझे ठाम मत आहे.

पुढच्याच मॅग्नेटारमध्ये ध्रुवण २० वरून ८० टक्क्यांपर्यंत चढले, दिशा मात्र वळली नाही. ही मोजमापे २ ते ८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमधली; १ जानेवारी २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावलेल्या भारतीय उपग्रहाचे ध्रुवणमापक ८ ते ३० या पट्ट्यासाठी बांधलेले आहे.