तीन पानं लिहूनही आठापैकी चारच मार्क का?
(बारावी सीबीएसई इतिहास : पालकांसाठी माहितीपत्रक)

प्री-बोर्डच्या (बोर्डाआधीच्या सराव परीक्षेच्या) कॉप्या, म्हणजे तपासलेल्या उत्तरपत्रिका, हातात पडल्या की ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या वर्गात पालकांची रीघ लागते, आणि विचारणा बहुतेक एकच असते : “मॅडम, मुलीनं तीन पानं लिहिली, चुकीचं एक वाक्य नाही, मग मार्क गेले कुठे?” पाठोपाठ मागणी येते, “तुम्ही अजून नोट्स द्या.” नोट्सनी हे दुखणं बरं होत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

पेपर 80 मार्कांचा आणि वेळ तीन तास, हे तुम्हाला ठाऊक आहेच. एका मार्काचे 21 प्रश्न आणि नकाशाचे 5 मार्क मुलं पाठांतरावर काढतात. उताऱ्याचे प्रश्नही नीट वाचले तर सुटतात. गळती होते ती आठ मार्कांच्या तीन उत्तरांत, म्हणजे 24 मार्कांत.

चूक एकच असते. प्रश्नात ओळखीचा शब्द दिसला की मूल त्याविषयी आठवेल ते सगळं लिहून काढतं. नेहमीचा प्रश्न घ्या : 1857 चा उठाव अवधमध्ये (लखनौभोवतालच्या प्रांतात) एवढा का पसरला? ग्वाल्हेरच्या मुलांची इथे हमखास पंचाईत होते. राणी लक्ष्मीबाईंची समाधी त्यांनी लहानपणापासून फूलबागेत पाहिलेली, तात्या टोपे घरातल्या गोष्टींतून माहीत झालेले. मग उत्तर सुरू होतं मेरठच्या 10 मेपासून, दिल्ली, कानपूर, झाशी करत जून 1858 मध्ये ग्वाल्हेरला पोचतं आणि राणीच्या बलिदानावर संपतं. मुलानं मनापासून लिहिलेलं असतं, आम्हालाही वाचताना बरं वाटतं. पण प्रश्न ‘का’ असा होता आणि तोही अवधविषयी. तपासणाऱ्याकडे मुद्द्यांची यादी असते, त्या मुद्द्यांना मार्क मिळतात. तीन पानांत अवध दोनदा आलं असेल तर तो तरी मार्क कशाला देणार?

हेच उत्तर आम्ही असं सुरू करून घेतो : “1856 मध्ये अवध खालसा झालं आणि नवाब, तालुकदार (मोठे जमीनदार), शेतकरी व शिपाई या चौघांवर एकाच वेळी घाव बसला, म्हणून तिथला उठाव फक्त छावणीपुरता राहिला नाही.” प्रश्नाचं उत्तर पहिल्याच वाक्यात आलं. पुढे चार परिच्छेद. नवाब वाजिद अली शाहांना कलकत्त्याला पाठवलं, दरबार मोडला, त्यावर पोट असलेले लोक उघड्यावर आले. तालुकदारांकडे पूर्वी 67 टक्के गावं होती, 1856 च्या महसूल बंदोबस्तात ती 38 टक्क्यांवर आली. शेतकऱ्याचा सारा काही भागांत 30 ते 70 टक्के वाढला, आणि अडीअडचणीला सांभाळून घेणारा तालुकदारही मधून गेला. कंपनीच्या बंगाल आर्मीतले कितीतरी शिपाई याच गावांतले, त्यामुळे घरचं दुःख थेट छावणीत पोचलं. शेवटी दोन ओळींत नवाबांच्या बेगम हजरत महल यांच्या झेंड्याखाली हे सगळे कसे एकत्र आले ते लिहायचं आणि थांबायचं. एवढं 300 ते 350 शब्दांत बसतं. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य कारण सांगतं, आकडा किंवा नाव त्यामागून येतं. घाईत कॉपी तपासणाऱ्यालाही चार मुद्दे चार ठिकाणी दिसतात.

काही पालकांची तक्रार असते की आमच्याकडे मुलं लिहिण्याआधी नुसती बसून राहतात. ती बसलेली नसतात. आठ मार्कांच्या प्रश्नाआधी आम्ही तीन-चार मिनिटं रफ आराखडा करून घेतो : प्रश्न काय विचारतो, कारणं कोणती, कोणतं आधी. अशा उत्तराला वीस मिनिटं धरली तरी लिहायला सोळा-सतरा मिनिटं उरतात, आणि तेवढी पुरतात. बोर्डात सुरुवातीची 15 मिनिटं फक्त पेपर वाचायला असतात. ‘अथवा’मधला कोणता प्रश्न घ्यायचा हे तेव्हाच ठरवायची सवय आम्ही सप्टेंबरपासून लावतो.

“साचा शिकवून मुलं ठोकळेबाज होतील” असंही कुणी म्हणतं. तसं होऊ नये म्हणूनच आम्ही तयार उत्तरं वाटत नाही. तेच प्रकरण, प्रश्न फिरवून देतो : ‘तालुकदार उठावात का उतरले?’ इथे वरच्या उत्तरातला एक परिच्छेद पसरवावा लागतो आणि बाकीचे आटोपते घ्यावे लागतात. पाठ करून आलेलं मूल इथे अडतं. अडलं की तेच उत्तर आम्ही त्याच्याकडून पुन्हा लिहून घेतो. दुसरा खर्डा तपासायला वेळ लागतो, म्हणून बॅच लहान ठेवतो आणि फी शेजारच्या कोचिंगपेक्षा थोडी जास्त आहे.

पेपर हिंदीत लिहा की इंग्रजीत, आराखडा तोच. घरी मराठीत तोंडी करून घेतलात तरी चालेल. “अवधच का?” एवढं विचारा आणि मूल पहिल्या वाक्यात कारण सांगतं की मेरठपासून सुरुवात करतं, ते ऐका.

उत्तरलेखनाची बॅच रविवारी सकाळी असते. प्रवेश घ्यायचा नसला तरी एक तपासलेली कॉपी आम्ही विनामूल्य बघून देतो. येताना प्रश्नपत्रिका मात्र जरूर आणा. बरेच जण नुसती कॉपी आणतात, आणि प्रश्न नेमका काय होता हे समोर नसेल तर उत्तर कुठे भरकटलं ते सांगता येत नाही.