मांजराचं पिलू कोणत्या जातीचं? विचारण्याआधी एवढं वाचा

दुकानाच्या व्हॉट्सॲपवर रोज रात्री दहानंतर फोटो येतात. मांडीवर गुंडाळलेलं पिलू, वर ट्यूबलाइट, खाली एकच ओळ: "भैय्या, हे कोणतं ब्रीड हाय?" अशा फोटोवरून सांगता येत नाही, आणि सांगितलंच तर चुकतं. म्हणून हा कागद छापला.

रंग म्हणजे जात नव्हे. लातूरकरांना हे वेगळं सांगायला नको. देवणी गाय वानेरा असते, बालंक्या असते, शेवरा असते. रंग तीन, जात एकच. तांबडा दिसला म्हणून कुठलाही बैल लाल कंधारी होत नाही. मांजराच्या वेळी मात्र हे शहाणपण घरीच राहतं. करडं दिसलं की 'रशियन ब्लू', काळं दिसलं की 'बॉम्बे'. ती बॉम्बे जात अमेरिकेत, केंटकीत तयार झाली, मुंबईशी नावापुरतं नातं.

जात ठरते आईबापाच्या नोंदणीच्या कागदांवरून. कागद नसले तर ठेवण बघायची. पर्शियनचं नाक चपटं, कान लहान आणि टोकाला गोल, पाय आखूड. नुसते लांब केस पुरेसे नाहीत. 'ट्रिपल कोट' हा तर दाट केसांसाठी विकणाऱ्यांनी काढलेला शब्द, जात नव्हे. म्हणून आम्ही कार्डावर 'देशी, आखूड केस' असं लिहितो. काहींना राग येतो. पण चुकीचं लिहिलं की निस्तरावं आम्हालाच लागतं.

एका ताईंनी आग्रहानं 'रशियन ब्लू' लिहून घेतलं. पिलू दोन महिन्यांचं, चुलीतल्या राखेसारखं. सहाव्या महिन्यात नसबंदीला आणलं तर काळंकुळीट! डॉक्टर एकदा कार्डाकडे बघतात, एकदा मांजराकडे. "हे कुणाचं उचलून आणलं?" आई गाभण असताना तापली, आजारी पडली, तर पिलं अशी राखाडी जन्मतात आणि काही महिन्यांत खरा रंग वर येतो. तेव्हापासून रंगाचा रकाना आम्ही पेन्सिलने भरतो.

डोळ्यांचंही तसंच. सहा-सात आठवड्यांपर्यंत जवळपास सगळ्याच पिलांचे डोळे निळे असतात. त्यासाठी कुणी जादा पैसे मागितले तर देऊ नका.

रंग बघायचाच तर दिवसा, ओसरीच्या सावलीत बघा. केसांवर हळूच फुंकर मारा. मुळाशी पांढरं दिसलं तर 'स्मोक'. एकेका केसावर फिकट-गडद पट्टे आणि कपाळावर 'एम' असेल तर 'टॅबी', आपल्या गल्लीतली बहुतेक वाघी मांजरं हीच. काळा, केशरी, पांढरा असे तिन्ही रंग असतील तर ती बहुतेक भाटीच, कारण केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं; केशरी आणि काळा दोन्ही यायला दोन एक्स लागतात, आणि ते सहसा मादीतच असतात. 'तिरंगी बोका मिळंल का' असं विचारणाऱ्यांनी आम्हाला माफ करावं.

आता खरी अडचण. "आधी ब्रीड कळू द्या, मग लस देऊ," असं म्हणत लोक महिना घालवतात. लस जात विचारत नाही. साधारण आठव्या आठवड्यात पहिला डोस, तीन-चार आठवड्यांनी दुसरा, बाराव्या आठवड्यानंतर रेबीजची. खाणंही सगळ्यांना तेच. जातीचं चित्र छापलेली महागडी पिशवी आमच्याकडे आहे, पण साधं किटन फूड मागितलंत तरी आम्ही तोंड वाकडं करत नाही.

केस लांब असतील तर रोज विंचरा. स्टीलचा कंगवा दुकानात आहे, गाठी झाल्याच तर ग्रूमिंगही करतो. चपट्या नाकाच्या मांजराला मे महिन्यात दुपारी कूलरजवळ ठेवा, पत्र्याच्या खोलीत नको.

डॉक्टर दर गुरुवारी संध्याकाळी बसतात. लसीला आलात तर वजन, वय आणि नर-मादी बघून देऊ, त्याचे वेगळे पैसे नाहीत. पिलू झाकणाच्या टोपलीतून आणा. मागच्या महिन्यात भाजीच्या पिशवीतून आलेलं एक थेट आमच्या पोटमाळ्यावर चढलं, ते शटर ओढायच्या वेळी उतरलं.