यजमान-कुटुंब निवास (युवा स्वयंसेवा)

यजमान-कुटुंब निवास : युवा स्वयंसेवेच्या कार्यक्रमात दाखल झालेल्या व्यक्तीने कामाच्या संपूर्ण मुदतीत, किंवा तिच्या एखाद्या टप्प्यात, कामाच्या ठिकाणच्याच एखाद्या कुटुंबात घरातल्यासारखे राहण्याची पद्धत. स्वयंसेवक बहुधा १७ ते ३० वयोगटातला असतो. मुक्काम दोन आठवड्यांपासून वर्षभरापर्यंत कितीही असू शकतो. घर पाहणे, जोडी लावणे आणि बिनसल्यास घर बदलणे ही कामे कार्यक्रम चालविणारी संस्था करते. यजमानांनी स्वयंसेवकाला निवडलेले नसते आणि स्वयंसेवकाने यजमानांना. ही तिसऱ्या पक्षाची मध्यस्थी हेच या पद्धतीचे व्यवच्छेदक लक्षण मानावे.

तीन शेजारच्या प्रथांशी हिची गल्लत होते. भाडे भरून घरगुती खोलीत राहणाऱ्याचा घरमालकाशी थेट व्यवहार असतो. १९४९ साली डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या ‘सर्वास’ या शांततावादी चळवळीत प्रवाशाला विनामूल्य घरी ठेवून घेतात, पण तो मुक्काम एक-दोन रात्रींचा असतो आणि त्याला कामाची जोड नसते. ‘ओ पेअर’ पद्धतीत तरुण व्यक्ती कुटुंबात राहते खरी, परंतु तिचे काम त्या घरातलेच, मुख्यतः मुले सांभाळण्याचे असते. युरोप परिषदेच्या १९६९च्या करारात या कामाला सर्वसाधारणपणे दिवसाला पाच तासांची मर्यादा घातलेली आहे. स्वयंसेवकाचे काम घराबाहेर, शाळेत, दवाखान्यात किंवा शेतावर असते. घरात तो हातभार लावतो, पण राबत नाही. ही रेषा प्रत्यक्षात पुसट होते तेव्हाच बहुतेक तक्रारी उद्भवतात.

उगम : बहुतेक संदर्भग्रंथ या पद्धतीचा आरंभ १९३२ सालापासून धरतात. त्या वर्षी अमेरिकेत डॉनल्ड वॉट यांनी ‘एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’ हा उपक्रम सुरू केला. ही तारीख जपून वापरावी लागते. पहिल्या वर्षी वॉट यांनी अमेरिकन तरुणांना स्वित्झर्लंडला नेले ते युरोपीय तरुणांबरोबर शिबिरात राहण्यासाठी. घराघरांत एकेकाला ठेवण्याची रीत त्यानंतर, साधारणतः १९३३च्या सुमारास रुळू लागली. एका देशाची मुले एकत्र ठेवली की ती आपापल्यांतच रमतात, ही अडचण या बदलामागे असावी. तेव्हा १९३२ हे संस्थेचे जन्मवर्ष म्हणता येईल, पद्धतीचे म्हणताना एक-दोन वर्षांची सूट द्यावी लागेल. शिवाय वॉट यांच्या योजनेत सेवा नव्हती. परक्या घरात राहणे हाच तिचा हेतू होता आणि हेच साधनही.

श्रमशिबिरांच्या परंपरेकडून पाहणारे लेखक आणखी मागे, १९२०पर्यंत जातात. स्विस अभियंते पिएर सेरेसोल यांनी त्या वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडावर व्हर्दनजवळील एन या उद्‌ध्वस्त फ्रेंच गावात पुनर्बांधणीचे शिबिर भरविले. स्वयंसेवकांत जर्मनही होते आणि पहिल्या महायुद्धाच्या जखमा ताज्या असल्याने १९२१च्या वसंतात शिबिर गुंडाळावे लागले. यातूनच पुढे ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही स्वयंसेवी संघटना उभी राहिली. १९३४च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल भारतात आले व तेथील पुनर्वसनाच्या कामात सहभागी झाले, तेही याच प्रेरणेने. युवा स्वयंसेवेचा उगम म्हणून एनचे महत्त्व निर्विवाद आहे, पण कुटुंबनिवासाचा उगम म्हणून ते पुढे करणे पटत नाही. ज्या गावात गावकऱ्यांनाच छप्पर नव्हते तेथे कोण कोणाच्या घरी राहणार? स्वयंसेवकांनी लाकडी बराकी उभारल्या व ते त्यांतच राहिले. पुढेही श्रमशिबिरांचा कल शाळा, छावणी, कोठार अशा सामाईक निवासाकडेच राहिला. त्यामागे तत्त्वही होते : ज्यांच्या मदतीला जायचे त्यांच्यावर आपल्या जेवणाखाणाचा भार टाकायचा नाही.

म्हणजे कुटुंबात राहणे एका प्रवाहातून आले व सेवा दुसऱ्यातून. दोन्ही प्रवाह कोठे मिळाले हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात शोधणे अधिक सयुक्तिक दिसते. पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालविणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ ही संघटना १९४७ पासून शालेय विद्यार्थ्यांना वर्षभर परदेशी कुटुंबात ठेवू लागली. येथे सेवा आधी झाली, घर नंतर आले, परंतु एकाच कार्यक्रमात दोन्ही नव्हती. १९४९ साली ‘चर्च ऑफ द ब्रेदरन’ या पंथाच्या पुढाकाराने जर्मन मुले अमेरिकन घरांत राहायला आली. त्या उपक्रमातून ‘इंटरनॅशनल ख्रिश्चन यूथ एक्स्चेंज’ ही संस्था घडली. १९५७ नंतर ती अनेक देशांत पसरली, पुढे तिच्या नावातील ‘ख्रिश्चन’च्या जागी ‘कल्चरल’ आले आणि शाळेच्या वर्षाची जागा हळूहळू स्वयंसेवेच्या वर्षाने घेतली. दोन्ही धारा एकाच संस्थेच्या आयुष्यात एकमेकींत मिसळताना पाहायच्या असतील तर हे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे.

प्रसार : मार्च १९६१ मध्ये अमेरिकेत पीस कोअर ही स्वयंसेवकांना परदेशी पाठविणारी सरकारी संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक सार्जंट श्रायव्हर स्वतः १९३४ मध्ये वॉट यांच्या उपक्रमातून जर्मनीला जाऊन आले होते, आणि पूर्व पाकिस्तानला निघालेल्या आरंभीच्या तुकडीची तयारी व्हरमाँट राज्यात याच संस्थेने करून घेतली. तरीही आरंभीची प्रशिक्षणे प्रामुख्याने अमेरिकेतच, बहुतांशी विद्यापीठांच्या आवारांत होत. प्रशिक्षण सेवेच्या देशात हलविल्यावर कुटुंबनिवास हा त्याचा कणा बनला. आजच्या रचनेत २७ महिन्यांच्या मुदतीतील पहिले सुमारे तीन महिने प्रशिक्षणाचे असतात व त्या काळात स्वयंसेवक बहुधा एखाद्या कुटुंबात राहतो. सकाळी वर्गात भाषा शिकायची आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात ती वापरून पाहायची, असा हा क्रम आहे. काही देशांत प्रत्यक्ष कामाच्या गावीही आरंभीचे काही महिने, क्वचित संपूर्ण मुदत, कुटुंबातच काढावी लागते.

कॅनडात झाक एबेर यांनी १९७१ मध्ये स्थापन केलेल्या ‘कॅनडा वर्ल्ड यूथ’ने यात एक महत्त्वाची भर घातली. एक कॅनेडियन आणि एक भागीदार देशातला अशी जोडी करून दोघांना एकाच घरी ठेवायचे, काही महिने कॅनडात आणि काही महिने त्या दुसऱ्या देशात. पहिल्या टप्प्यात एकाला भाषा व रीतिरिवाज ठाऊक असत, दुसऱ्या टप्प्यात पारडे फिरे. एबेर यांच्याच १९७७च्या ‘काटिमाव्हिक’ या देशांतर्गत कार्यक्रमात मात्र तरुणांचा गट एकत्र घर चालवी आणि कुटुंबात राहणे थोड्या दिवसांपुरते असे. एकाच माणसाने दोन कार्यक्रमांत दोन वेगळ्या निवासपद्धती निवडाव्यात ही बाब अभ्यासकांनी पुरेशी लक्षात घेतलेली दिसत नाही. २०११ मध्ये ब्रिटिश सरकारच्या निधीवर सुरू झालेल्या ‘इंटरनॅशनल सिटिझन सर्व्हिस’ने १८ ते २५ वयाच्या ब्रिटिश व स्थानिक स्वयंसेवकांना यजमान घरांत एकत्र ठेवले, ती जोडीची कल्पना याच जातकुळीतली. युरोपीय स्वयंसेवा योजनेत (१९९६) आणि २०१८ पासून तिची जागा घेणाऱ्या ‘युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर’मध्ये यजमान कुटुंब हा अनेक पर्यायांपैकी एक आहे. तेथे सामाईक सदनिकाही चालते.

कार्यपद्धती : संस्थेचा प्रतिनिधी घर समक्ष पाहतो. स्वतंत्र खोली, ती शक्य नसल्यास निदान स्वतंत्र पलंग, आतून कडी लागणारे दार, सुरक्षित पाणी, शौचालय आणि कामाच्या जागेपर्यंतचे अंतर हे मुद्दे बहुतेक याद्यांत सापडतात. घरातील प्रौढांची पूर्वचारित्र्य-तपासणी आता पुष्कळ देशांत करतात. स्वयंसेवक अल्पवयीन असल्यास नियम अधिक कडक असतात. जोडी लावताना आहारातील पथ्ये, धर्माचरण, धूम्रपान, पाळीव प्राणी व घरात लहान मुले आहेत की नाहीत हे पाहतात. स्वभाव जुळतील का, हे अर्जावरून फारसे कळत नाही.

मुक्काम सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंना वेगवेगळी माहिती दिली जाते आणि पुष्कळदा लेखी करारनामाही होतो. त्यात रात्री परतण्याची वेळ, पाहुणे आणणे, कपडे धुणे, विजेचा व इंटरनेटचा वापर आणि घरकामातील वाटा यांचा उल्लेख असतो. खटके उडतात ते मुख्यतः यांवरूनच, तत्त्वांवरून फार क्वचित. दार लावून खोलीत बसणे स्वयंसेवकाला साधी विश्रांती वाटते, तर घरच्यांना तो रुसला आहे असे वाटते. जेवणाला नको म्हणणे हा प्रकारही असाच. अशा वेळी मध्यस्थी करायला एक मार्गदर्शक नेमतात. तो यजमान कुटुंबातला नसावा आणि कामावरचा वरिष्ठही नसावा असा संकेत आहे, कारण तक्रार ज्याच्याविषयी आहे त्याच्याकडेच ती नेणे अशक्य असते. घर बदलण्याची सोय कागदावर सर्वत्र असते. लहान गावात ती वापरणे अवघड जाते, कारण एका घरातून दुसऱ्या घरात गेलेला पाहुणा सगळ्या गावाला दिसतो.

मोबदला : यजमानांना पैसे द्यावेत का, याविषयी दोन परंपरा आहेत. विद्यार्थी-विनिमयाच्या संस्थांनी यजमानपद बहुधा विनामोबदला ठेवले. पीस कोअर व तत्सम कार्यक्रम जेवणखर्चापोटी ठराविक रक्कम स्थानिक चलनात देतात. विनामोबदला पद्धतीचे समर्थक म्हणतात, पैसा आला की पाहुण्याचा भाडेकरू होतो. उलट बाजूचा युक्तिवाद असा की पैसा न दिल्यास जादा माणूस पोसण्याची ऐपत असलेली घरेच पुढे येतात, आणि ज्यांच्यात राहायला स्वयंसेवक आला त्यांची घरे त्याला दिसतच नाहीत. गरीब भागांतील कार्यक्रमांपुरता दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार वाटतो. रक्कम स्वयंसेवकाच्या हातून न जाता संस्थेकडून थेट कुटुंबाला मिळावी, ही दक्षता दोन्ही बाजूंना मान्य होण्यासारखी आहे. पैसे घरातील कोणाच्या हाती पडतात हा उपप्रश्नही महत्त्वाचा आहे, कारण जादा कष्ट बहुतेक ठिकाणी घरच्या बाईला पडतात.

सैद्धांतिक चर्चा : या पद्धतीच्या समर्थनार्थ गॉर्डन ऑलपोर्ट यांचा संपर्क-सिद्धांत (१९५४) नेहमी पुढे केला जातो. दोन गट समान दर्जाने, समान उद्दिष्टासाठी, सहकार्याने आणि संस्थात्मक पाठबळासह एकत्र आले तर पूर्वग्रह कमी होतात, असे त्याचे सार आहे. शेवटची अट संस्था पुरवते, पण अडचण पहिल्या अटीत आहे. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ जूलियन पिट-रिव्हर्झ यांनी दाखविल्याप्रमाणे यजमान आणि पाहुणा एकाच जागी, एकाच वेळी समान नसतात. पाहुण्याने यजमानाची जागा घ्यायची नसते, यजमानाने पाहुण्याला उणे पडू द्यायचे नसते. समता साधते ती भूमिकांची अदलाबदल झाल्यावर, म्हणजे आजचा यजमान उद्या पाहुणा झाल्यावर. एकदिशा कार्यक्रमांत ही परतफेड होतच नाही. या कसोटीवर कॅनेडियन जोडीपद्धत इतरांहून सरस ठरते. तिच्यात निदान स्वयंसेवकांपुरती तरी भूमिका उलटण्याची सोय आहे, यजमान कुटुंबे मात्र तेथेही जागच्या जागीच राहतात.

मुक्कामातील मनोवस्थेच्या चढउतारासाठी नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञ स्व्हेरे लिसगोर यांची १९५५ची मांडणी उद्धृत करतात : आरंभीचा उत्साह, मग घसरण, मग सावरणे, अशी यू-आकाराची वक्ररेषा. मायदेशी परतल्यावर हीच घसरण पुन्हा येते असे धरून गुलाहॉर्न दांपत्याने १९६३ मध्ये वक्ररेषा दुहेरी केली. लिसगोर यांचा अभ्यास अमेरिकेला जाऊन आलेल्या शिष्यवृत्तीधारकांचा होता, कुटुंबात राहणाऱ्या स्वयंसेवकांचा नव्हे. पुढील पडताळण्यांत ही वक्ररेषा सर्वत्र आढळलेली नाही. प्रशिक्षणपुस्तिकांत ती अजून टिकून आहे याचे श्रेय बहुधा तिच्या सुटसुटीत आकृतीला द्यावे.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे पीस कोअरने ६० किंवा त्याहून अधिक देशांतील आपले सुमारे ७,००० स्वयंसेवक इतिहासात प्रथमच एकाच वेळी मायदेशी बोलावले. अनेकांना आपल्या कुटुंबाचा निरोप नीट घेता आला नाही. पहिल्या तुकड्या झांबिया व डोमिनिकन प्रजासत्ताक येथे परतल्या त्या मार्च २०२२ मध्ये. मधल्या काळात दूरस्थ स्वयंसेवेचे प्रयोग झाले, परंतु त्यांत निवास नसल्याने ते या नोंदीच्या कक्षेबाहेरचे आहेत.