तलफ (धूम्रपान सोडतानाची)

धूम्रपान सोडलेल्या किंवा सोडू पाहणाऱ्या व्यक्तीला अधूनमधून होणारी सिगारेट ओढण्याची अनावर इच्छा म्हणजे तलफ. झुरक्यातले निकोटीन फुप्फुसांतून रक्तात मिसळून १० ते २० सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि तेथील ग्राहींना (पेशींवरच्या, ठरावीक रसायन पकडणाऱ्या जागांना) चिकटून डोपामीन हे सुखाची जाणीव देणारे रसायन स्रवायला लावते. मात्र रक्तातले त्याचे प्रमाण सुमारे २ तासांत निम्म्यावर येते आणि मेंदू पुन्हा मागणी करू लागतो. मराठीत ‘तलफ भागवणे’ असे म्हणतात खरे, पण सिगारेटने तलफ भागत नाही, फक्त पुढे ढकलली जाते.

निकोटीन तुटल्यामुळे येणाऱ्या तलफेबरोबर चिडचिड, अस्वस्थता आणि वाढलेली भूक असते; पहिल्या आठवड्यात तिचा जोर सर्वाधिक असतो आणि साधारण २ ते ४ आठवड्यांत तो ओसरतो. सवयीच्या खुणांनी जागी होणारी तलफ अधिक चिवट असते. जेवण आटोपते, हात आपसूक खिशाकडे जातो आणि खिसा रिकामा लागला की मगच तलफ जाणवते. अशी तलफ कित्येक महिन्यांनंतरही येऊ शकते, आणि तिला मनाचा दुबळेपणा समजणे चुकीचे आहे. ते जुन्या शिकवणुकीचे उरलेले पडसाद असतात.

तलफेची एकेक उबळ बहुधा काही मिनिटांतच उतरते, म्हणून तिच्याशी झुंजण्यापेक्षा वेळ काढणे सोपे जाते : जागा बदलावी, घोट घोट पाणी प्यावे, भरभर चालून यावे. मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी तलफेकडे चढून ओसरणारी लाट म्हणून पाहत राहण्याची पद्धत रूढ केली.

औषधांपैकी निकोटीनची त्वचेवरची पट्टी दिवसभर संथ पुरवठा करते, तर अचानक आलेल्या तलफेसाठी २ किंवा ४ मिलिग्रॅमचे निकोटीन च्युइंगगम उपयोगी पडते. दोन्ही एकत्र वापरल्यास एकट्या पट्टीपेक्षा यश अधिक मिळते. गम वापरण्यात मात्र हमखास चूक होते. तो साध्या च्युइंगगमसारखा चघळत राहायचा नसतो; तोंडात तिखटसर चुणचुण जाणवताच तो गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा आणि चुणचुण थांबल्यावर पुन्हा चावायचा असतो. सतत चघळल्यास निकोटीन लाळेबरोबर पोटात जाते आणि तलफ तशीच राहून वर उचकी किंवा जळजळ पदरी पडते. कॉफीसारख्या आम्लधर्मी पेयानेही तोंडातले शोषण घटते, म्हणून आधीची १५ मिनिटे ते टाळावे. व्हॅरेनिक्लिन आणि बल्गेरियात १९६४ पासून वापरात असलेले सायटिसिन ही औषधे निकोटीनच्याच ग्राहींवर अंशतः काम करून तलफ सौम्य करतात. ती डॉक्टरांना विचारून घ्यावीत.

कॉफीची आणखी एक गंमत आहे. तंबाखूच्या धुरामुळे शरीरातले कॅफीन लवकर निकाली निघत असते. धूर थांबला की तेवढ्याच कपांनी रक्तातले कॅफीन वाढते, आणि त्यातून येणारी धडधड व बेचैनी अनेकदा तलफेच्या खात्यावर जमा होते.